पक्ष बदलला, सरकार बदललं, मग समितीचं अध्यक्षपद नेमकं कोणाचं?

विनय_सातारा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात आहे ते विचारतो. सप्टेंबर २०२४ मध्ये संसदेच्या २४ खातेनिहाय स्थायी समित्या जाहीर झाल्या तेव्हा त्यात महाराष्ट्रातली दोन नावं अध्यक्ष म्हणून होती, ऊर्जा समितीवर शिवसेनेचे श्रीरंग बारणे आणि पेट्रोलियमवर राष्ट्रवादीचे सुनील तटकरे. आता तटकरे हे त्यांच्या पक्षाचे लोकसभेतले एकटेच खासदार, आणि त्याच पक्षातून फुटून राहिलेल्या शरद पवार गटाचे ८ खासदार असून त्यांना एकही समिती नाही. म्हणजे संख्या हा निकष नाही, सरकारच्या बाजूला असणं हाच निकष आहे असं दिसतं.

आमच्या घरात याच्यावर जोरदार वाद झाला. मामा म्हणतात जो सरकारबरोबर तोच समितीवर, यात नवीन काय. माझं म्हणणं असं की समिती सरकारवर लक्ष ठेवायला असते ना, मग सरकारशी किंवा पक्षाशी निष्ठा ही तिथे पात्रता कशी काय होऊ शकते? आणि समजा एखाद्याला विरोधी पक्षाच्या वाट्यातून अध्यक्षपद मिळालं आणि त्याने नंतर पक्ष सोडला किंवा पक्षाने त्याला काढलं, तर खुर्ची सोडावी लागते का? कायदा काय आणि प्रत्यक्षात काय होतं, दोन्ही सांगा. भाषणं नकोत प्लीज, घडलेली उदाहरणं द्या.

दिल्लीतला_मराठी

विनय, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाला थेट लागू पडेल असं उदाहरण आपल्याकडे घडून गेलंय आणि त्यात आपले गोपीनाथराव मुंडे पण आहेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. तेव्हा मी दिल्लीत एका दैनिकासाठी संसद कव्हर करत होतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. सरकारी खर्चाचे हिशेब तपासणाऱ्या लोकलेखा समितीत २२ सदस्य असतात, १५ लोकसभेचे, ७ राज्यसभेचे. सदस्य निवडले जातात पण समितीचा अध्यक्ष लोकसभा अध्यक्ष नेमतात. मंत्र्याला या समितीत बसता येत नाही. १९६७ पर्यंत तिथे सत्ताधारी पक्षाचाच माणूस अध्यक्ष असायचा, त्या वर्षी स्वतंत्र पक्षाचे मिनू मसानी पहिले विरोधी अध्यक्ष झाले आणि तेव्हापासून ही खुर्ची विरोधकांकडे असते. हा नियम नाही, प्रथा आहे, आणि पुढचं सगळं समजून घ्यायला हे महत्त्वाचं आहे.

२००९ च्या निवडणुकीनंतर भाजपच्या वाट्याला लोकलेखा आली आणि जसवंत सिंह अध्यक्ष झाले. ऑगस्टमध्ये जीनांवरच्या त्यांच्या पुस्तकावरून शिमल्याच्या चिंतन बैठकीच्या वेळी पक्षाने त्यांना काढून टाकलं. लगेच मागणी सुरू झाली की समितीचं अध्यक्षपद पण सोडा, कारण ते पक्षाच्या कोट्यातलं आहे. जसवंत सिंहांची भूमिका अशी होती की मला पक्षाने नेमलेलं नाही, सभागृहाच्या अध्यक्षांनी नेमलंय. आणि कायद्याने बघितलं तर यात चूक काहीच नव्हतं. पक्षाने हाकलल्याने खासदारकी जात नाही, समितीचं सदस्यत्व पण आपोआप जात नाही. काही महिने असंच चाललं, मग डिसेंबरमध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर मुंडे अध्यक्ष झाले, पण थोडेच महिने, आणि २०१० मध्ये मुरली मनोहर जोशी आले.

मला तेव्हाही वाटलं होतं आणि आजही ठामपणे वाटतं की जसवंत सिंहांना तिथे राहू द्यायला हवं होतं. तो माणूस सरकारच्या बाजूला गेला नव्हता, त्याने पुस्तक लिहिलं होतं. सरकारचे हिशेब तपासण्याच्या कामाशी त्या पुस्तकाचा काडीचाही संबंध नव्हता.

आता जोशींच्या काळातलं बघ, कारण तिथे निष्ठेची दुसरी बाजू दिसते. टू जी स्पेक्ट्रमवर समितीचा मसुदा अहवाल तयार झाला. २८ एप्रिल २०११ ला बैठक झाली आणि काँग्रेस, द्रमुक, सपा, बसपा मिळून ११ सदस्य मसुद्याच्या विरोधात उभे राहिले, तेव्हा समितीत २१ जण होते. जोशी बैठक तहकूब करून बाहेर पडले. राहिलेल्यांनी काँग्रेसचे सैफुद्दीन सोझ यांना तिथल्या तिथे अध्यक्ष म्हणून बसवलं आणि अहवाल फेटाळल्याचं जाहीर केलं. जोशींनी तरीही तो लोकसभा अध्यक्ष मीरा कुमार यांच्याकडे पाठवला आणि त्यांनी तो परत केला. म्हणजे खुर्ची विरोधकांची असूनही समितीत बहुमत सत्ताधाऱ्यांचंच असतं, कारण सदस्य सभागृहातल्या संख्येच्या प्रमाणात येतात. सपा आणि बसपा तेव्हा सरकारला बाहेरून पाठिंबा देत होते, ती दोन मतं फिरली आणि निकाल लागला.

आता कायद्याचं. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टातला (पक्षांतरबंदीचा) व्हिप, म्हणजे पक्षाचा मतदानाचा आदेश, हा सभागृहातल्या मतदानापुरता आहे, समितीतल्या मताला तो लागू नाही. त्या ११ जणांपैकी कोणी वेगळं मत दिलं असतं तर आमदारकी खासदारकी जायचा प्रश्नच नव्हता. तरी कोणी दिलं नाही. पुढचं तिकीट, पुढची समिती, सगळं पक्षाच्या हातात असतं, त्यापुढे व्हिप लागू नाही याला फार अर्थ उरत नाही.

झेडपी_निवृत्त

मी जिल्हा परिषदेत अर्थ विभागात नोकरी केली, आता निवृत्त आहे. संसदेचं मला फार कळत नाही पण विधिमंडळाची पंचायत राज समिती (पीआरसी) जिल्ह्यात येते तेव्हा काय होतं ते अगदी जवळून बघितलंय, म्हणून लिहितो.

पीआरसी येणार म्हटलं की महिनाभर आधीपासून आम्ही रात्री उशिरापर्यंत ऑफिसात. स्थानिक निधी लेखाचे आक्षेप, वार्षिक प्रशासन अहवाल, प्रत्येक परिच्छेदाचं अनुपालन, म्हणजे आक्षेपावर काय केलं याचं उत्तर, लिहायचं, बीडीओंच्या फायली मागवायच्या, शाळांना आणि दवाखान्यांना अचानक भेटी होणार म्हणून तिथे धावपळ. बाहेरून लोकांना वाटतं की आमदार मंडळी येतात आणि जेवून जातात, पण अध्यक्ष अभ्यास करून आलेला असेल तर भल्याभल्या सीईओंना घाम फुटतो हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एका अध्यक्षांनी तर पाणीपुरवठ्याच्या एका योजनेचे तीन वर्षांचे आक्षेप एकापाठोपाठ एक वाचून दाखवले होते आणि प्रत्येक वेळी रक्कम तीच, उत्तर तेच, तारीख फक्त वेगळी. ते सत्ताधारी पक्षाचेच होते बरं का. साक्षीच्या खोलीत कॅमेरा नसतो, पत्रकार नसतात, त्यामुळे आपल्याच सरकारच्या अधिकाऱ्याला झापायला त्यांना अडचण वाटली नाही.

पण विनयभाऊ, सरकार बदलल्यावर काय होतं ते पण सांगतो, कारण तुमचा प्रश्न तोच आहे. समिती नव्याने होते, अध्यक्ष नवा, सदस्य नवे. अर्धवट राहिलेली साक्ष, मागितलेली माहिती, सगळं मागे पडतं. आमचे वरिष्ठ सरळ सांगायचे की आता घाई करू नका, नवीन समिती बसू दे. आणि नवीन अध्यक्ष आपल्या तालुक्याचे प्रश्न घेऊन येतात, तेही साहजिक आहे. ज्या आक्षेपाला वसुली लागणार होती तो आक्षेप असाच जुना होत जातो, मग ज्याच्याकडून वसूल करायचं तो माणूस निवृत्त होतो, मग फाईल सापडत नाही. मला या गोष्टीचा राग आहे, खरंच आहे. अध्यक्ष कुठल्या पक्षाचा यापेक्षा तो वर्षभर तरी टिकतो का आणि फायली वाचतो का, याची चौकशी लोकांनी केली पाहिजे.

कार्यकर्ता_विदर्भ

सगळ्यांचं वाचलं. मी एका पक्षाचं काम करतो, कुठला ते महत्त्वाचं नाही, आणि मला पक्षाची बाजू मांडायची आहे कारण इथे पक्षनिष्ठा म्हणजे जणू काही गुन्हा असल्यासारखं बोललं जातंय.

समितीच्या जागा पक्षाच्या संख्याबळावर मिळतात. ते संख्याबळ आम्ही उन्हातान्हात फिरून, बूथवर बसून आणतो. एकट्या माणसाला त्याच्या नावावर समिती मिळत नाही. मग त्याने पक्ष सोडला तर पक्षाच्या वाट्यातून आलेली खुर्ची त्याने ठेवायची, हा कुठला न्याय?

आणि दुसरं, जे कोणी लिहिलं नाही. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनंतर मंत्रिमंडळाला १५ टक्क्यांची मर्यादा आली. आपल्याकडे २८८ आमदार म्हणजे जास्तीत जास्त ४३ मंत्री, मुख्यमंत्री धरून. आता दोन तीन पक्षांचं सरकार आलं की इच्छुक शंभर आणि जागा ४३, मग उरलेल्यांना काय द्यायचं? महामंडळं आणि समित्या. ज्येष्ठ आमदार नाराज झाला की त्याला समिती द्या असं सरळ ठरतं, हे मी आमच्याच लोकांकडून ऐकलेलं आहे. हे चांगलं आहे असं मी म्हणत नाही, पण सरकार बदललं की समित्यांची एवढी ओढाताण का होते त्याचं कारण हे आहे, नुसती निष्ठा निष्ठा करून ते कळणार नाही.

आमच्या विदर्भातलंच घ्या. गोंदियाचे गोपालदास अग्रवाल, काँग्रेसचे जुने आमदार, फडणवीसांच्या पहिल्या टर्ममध्ये विधिमंडळाच्या लोकलेखा समितीचे अध्यक्ष होते. २०१९ च्या विधानसभेच्या तोंडावर भाजपमध्ये गेले, तिकीट मिळालं, हरले, २०२४ ला परत काँग्रेसमध्ये. त्यांनी समितीत काम कसं केलं त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण ज्या सरकारचे हिशेब तपासले त्याच पक्षाचं तिकीट काही दिवसांत घेतलं तर सामान्य माणसाच्या मनात काय येईल?

अनघा_कोलकाता

नमस्कार, मी मूळची मिरजेची, नोकरीमुळे बरीच वर्षं कोलकात्यात आहे. कार्यकर्ता दादांनी शेवटी जे विचारलं ना, त्याचं टोकाचं रूप इथे बंगालमध्ये झालेलं आहे, आणि ते वाचल्यावर तुम्हाला जसवंत सिंहांच्या प्रकरणापेक्षा वेगळं वाटेल.

२०१६ ला तृणमूलचं सरकार परत आलं. काँग्रेसने लोकलेखा समितीसाठी डाव्यांच्या सुजन चक्रवर्तींचं नाव पुढे केलं होतं, पण विधानसभा अध्यक्षांनी काँग्रेसचेच मानस भुइयां यांना नेमलं. पक्ष म्हणाला सोडा, ते म्हणाले सोडणार नाही, आणि सप्टेंबरमध्ये ते तृणमूलमध्ये गेले. मग २०२१. मुकुल रॉय कृष्णनगर उत्तरमधून भाजपच्या चिन्हावर निवडून आले, ११ जूनला तृणमूलमध्ये परतले, आणि ९ जुलैला लोकलेखा समितीचे अध्यक्ष! कारण काय, तर सभागृहाच्या कागदावर ते अजून भाजपचे आमदार, म्हणजे विरोधी पक्षाचे, म्हणजे प्रथा पाळली गेली. भाजपने अर्थतज्ज्ञ अशोक लाहिरींचं नाव सुचवलं होतं. निषेध म्हणून भाजपच्या आमदारांनी आपल्याकडे असलेल्या ८ समित्यांची अध्यक्षपदं सोडून दिली. २०२२ ला रॉय यांनी पद सोडल्यावर नेमणूक कोणाची, तर रायगंजचे कृष्ण कल्याणी, तेही भाजपच्या चिन्हावर निवडून येऊन तृणमूलमध्ये गेलेले.

म्हणून मला वाटतं की "खुर्ची सभागृहाची, पक्षाची नाही" हे तत्त्व एवढंच धरून चालत नाही. तेच वाक्य जसवंत सिंह म्हणाले तर ते एका माणसाचं स्वातंत्र्य होतं आणि तेच कोलकात्यात लावलं तर तपासणी करणाराच ज्याची तपासणी करायची त्याच्या घरात राहायला गेला. पक्ष सोडला की नाही हे विचारण्यापेक्षा सोडून कुठे गेला ते विचारायला पाहिजे. स्वतंत्र बसला तर राहू दे, सरकारी बाकांकडे गेला तर त्याच दिवशी खुर्ची खाली करायला लावणारा नियम हवा. आत्ता हे सगळं सभागृहाच्या अध्यक्षांच्या मर्जीवर आहे आणि अध्यक्ष सत्ताधारी पक्षाचाच असतो.

लेस्टरकर

अनघाताई, तुमचा मुद्दा एकदम पटला. इथे ब्रिटनमध्ये काय करतात ते सांगतो, तुलना म्हणून उपयोगी पडेल. २०१० पासून इथल्या सिलेक्ट कमिट्यांचे, म्हणजे संसदीय समित्यांचे, अध्यक्ष सगळं सभागृह गुप्त मतदानाने निवडतं. कुठली समिती कुठल्या पक्षाकडे हे संख्येप्रमाणे आधी ठरतं, पण त्या पक्षातला कोण हे पक्षप्रमुख ठरवत नाही. त्यामुळे अध्यक्षाला स्वतःच्याच सरकारला प्रश्न विचारायला बळ मिळतं, कारण त्याला दुसऱ्या पक्षांची पण मतं मिळालेली असतात.

फ्रँक फील्ड यांनी ऑगस्ट २०१८ मध्ये लेबरचा संसदीय गट सोडला तरी वर्क अँड पेन्शन्स समितीचे अध्यक्ष राहिले. सारा वॉलस्टन फेब्रुवारी २०१९ मध्ये हुजूर पक्षातून बाहेर पडल्या, आधी स्वतंत्र गटात, मग लिबरल डेमोक्रॅट, तरी आरोग्य समिती त्यांच्याकडेच राहिली. थोडी कुरकुर झाली, पण दोघेही सरकारच्या बाजूला गेले नव्हते. आणि जुलै २०२४ ला सरकार बदललं, लेबर आलं, तेव्हा बहुतेक समित्या लेबरकडे गेल्या पण पब्लिक अकाउंट्स कमिटी, म्हणजे इथली लोकलेखा, विरोधी पक्षाकडेच, आता हुजूर पक्षाचे जेफ्री क्लिफ्टन ब्राउन आहेत. इथे ते नियमात लिहिलेलं आहे, नुसत्या प्रथेवर सोडलेलं नाही.

कार्यकर्ता_विदर्भ

लेस्टरकर साहेब, गुप्त मतदान ऐकायला छान आहे पण आपल्याकडे लावलं तर काय होईल याचा विचार करा. बहुमत असलेला पक्ष विरोधकांतला सगळ्यात मवाळ माणूस निवडून आणेल. जो सभागृहात आवाज करतो त्याला कोण मत देणार? त्यापेक्षा विरोधी पक्षाने स्वतः नाव द्यावं आणि सभागृहाच्या अध्यक्षांनी तेच मान्य करणं बंधनकारक करावं. अनघाताईंच्या बंगालच्या उदाहरणात पण खरा घोटाळा तिथेच झाला ना, पक्षाने दिलेलं नाव बाजूला ठेवलं.

अनघा_कोलकाता

दादा, हे बरोबर आहे. पक्षाने नाव द्यायचं हे मान्य. फक्त एकदा नाव दिल्यावर मुदत संपेपर्यंत पक्षाने पण त्याला हलवायचं नाही, एवढं त्यात घाला. नाहीतर जसवंत सिंहांसारखं परत होईल.

दिल्लीतला_मराठी

हे दोन्ही एकत्र केलं तर खरंच चांगला नियम होतो.

विनय, तुझ्या पहिल्या प्रश्नाचं राहिलं होतं. स्थायी समित्या १९९३ मध्ये सुरू झाल्या तेव्हा १७ होत्या, २००४ पासून २४. लोकलेखासारखी पक्की प्रथा इथे नाही, पण काही महत्त्वाच्या समित्या विरोधकांना द्यायची सवय होती. २०१४ नंतर पण अर्थ समिती काँग्रेसच्या वीरप्पा मोईलींकडे आणि परराष्ट्र शशी थरूर यांच्याकडे होती. २०१९ ला त्या दोन्ही भाजपकडे गेल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये गृह आणि आयटी पण काँग्रेसकडून गेल्या. आणि आयटी कोणाकडे गेली, तर बुलढाण्याच्या प्रतापराव जाधवांकडे, जे त्याच जुलैमध्ये सेनेच्या लोकसभेतल्या १९ पैकी १२ खासदारांबरोबर शिंदे गटात गेले होते. तृणमूलसारख्या मोठ्या विरोधी पक्षाला त्या वेळी एकही समिती मिळाली नाही. २०२४ ला भाजपचं स्वतःचं बहुमत गेलं आणि लगेच काँग्रेसला ४, तृणमूलला २, द्रमुकला २ अशा समित्या मिळाल्या, परराष्ट्र परत थरूर यांच्याकडे आली. म्हणजे तुझे मामा म्हणतात तसं अगदीच शंभर टक्के नाही. सभागृहातलं बळ बदललं की वाटप बदलतं. पण लहान पक्षांच्या बाबतीत तू म्हणतोस तेच दिसतं, ८ वाल्यांना शून्य आणि सरकारबरोबरच्या एकट्या खासदाराला एक.

आणि महाराष्ट्रात तर प्रश्न अजून मागचा आहे. २०२४ च्या निकालानंतर विरोधकांत सगळ्यात मोठा पक्ष २० चा, ठाकरेंची सेना, मग काँग्रेस १६, शरद पवारांचे १०. दहा टक्के म्हणजे २९ कोणाकडेच नाहीत म्हणून विधानसभेचं विरोधी पक्षनेतेपदच रिकामं ठेवलं गेलं. त्याच्या आधीचा इतिहास पण बघ. २०१४ ला एकनाथ शिंदे विरोधी पक्षनेते होते, महिन्याभरात सेना सरकारमध्ये गेली आणि ते मंत्री. २०१९ ला राधाकृष्ण विखे पाटील, विरोधी पक्षनेतेपदावरून उठून काही आठवड्यांत भाजप सरकारमध्ये मंत्री. २०२३ ला अजित पवार, विरोधी पक्षनेते होते ते २ जुलैला उपमुख्यमंत्री. विरोधकांच्या सगळ्यात वरच्या खुर्चीचं हे होत असेल तर समित्यांच्या खुर्च्यांना कोण जपणार, याची मला खरोखर काळजी वाटते.

विनय_सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. मामांना पूर्ण धागा वाचायला देणार आहे. झेडपी काका, तुम्हाला एक विचारायचं होतं, पीआरसीने जिल्ह्यात येऊन जे आक्षेप काढले ते नंतर सामान्य माणसाला बघायला मिळतात का, की ते पण गोपनीय असतं?

झेडपी_निवृत्त

साक्ष चालू असताना गोपनीय असते. पण समितीने अहवाल सभागृहात मांडला की तो सार्वजनिक होतो, मग कोणीही मागू शकतो. शिवाय अनुपालनाची प्रत जिल्हा परिषदेकडे असतेच, माहिती अधिकारात अर्ज टाका, अर्जात समितीच्या दौऱ्याचं वर्ष आणि विभागाचं नाव नक्की लिहा, नाहीतर माहिती मोघम आहे म्हणून परत येतो. सातारचा असेल तर बांधकाम आणि पाणीपुरवठा हे दोन विभाग आधी बघा.